बघायला आलेली मुलगी

जयवंत साटमांची नलू तासभर गप्प राहिली, तर भोईवाड्यातल्या त्यांच्या चाळीत शेजारीपाजारी विचारायला यायचे, पोरीला बरं नाही की काय म्हणून. मॅट्रिक झाल्यावर वर्षभर तिने चाळीतली पोरं गॅलरीत दामटून बसवली होती आणि पाढे म्हणून घेतले होते. तिच्या आवाजाच्या जोरावर खालच्या दोन मजल्यांनाही एकोणतीसचा पाढा फुकटात पाठ झाला होता. अशा मुलीला दादरच्या बालशिक्षणाच्या वर्गात पहिला मोठा अभ्यास मिळाला तो गप्प बसण्याचा.

वर्ग घेणाऱ्या मृणालिनीबाई हिंदू कॉलनीत राहायच्या. पांढरंशुभ्र पातळ, हळू बोलणं, आणि एकदा सांगितलं की सांगितलं.

“प्रत्येकीने एक मूल निवडायचं,” त्या म्हणाल्या. “तीन ते पाच वर्षांचं, आपल्या घरचं नको. बारा दिवस, रोज एक तास त्याच्या घरी कोपऱ्यात बसायचं आणि ते आपल्या मनाने काय काय करतं ते वहीत लिहायचं. त्याच्याशी बोलायचं नाही. मदत नाही, रागावणं नाही, शाबासकीसुद्धा नाही. वहीत पूर्ण नाव नको, पहिलं अक्षर पुरे. आणि ‘मूल खेळले’ असलं मोघम मला चालणार नाही. काय उचललं, किती वेळा, कसं ठेवलं, ते हवं.”

“बाई, काही सांडलं तर?” नलूने विचारलं.

“भाजत, कापत असेल तर उठा. सांडलं तर सांडू दे.”

नलूने घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने कपाळाला हात लावला, पण जयवंतराव म्हणाले, त्यात काय, चिंचपोकळीला आपली गाववाली कमळाबाई आहे की. तिला चार वर्षांची राधा आहे. कमळाबाईचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आपल्या एका खोलीत ती पंधरा गिरणीकामगारांची खानावळ चालवत होती. जयवंतराव येताजाता तिच्या कानावर घालून आले, “आमची नलू तुझ्या पोरीला बघायला येईल हो, रोज तासभर.” कमळाबाई लगेच हो म्हणाली. इतक्या आनंदाने ती हो का म्हणाली, हे जयवंतरावांच्या ध्यानात आलं नाही.

ते साल होतं छप्पन. दसरा नुकताच झाला होता. एक नोव्हेंबरपासून द्वैभाषिक राज्य यायचं म्हणून गिरणगाव धुमसत होतं, नाक्यानाक्यावर सभा होत होत्या आणि साध्या कपड्यांतले पोलीस चाळींतून फिरतात अशी रोज नवी बातमी असायची. नलू मात्र त्या सोमवारी वही आणि दोन टोक केलेल्या पेन्सिली घेऊन, लालबागवरून भराभर चालत, दहाच्या ठोक्याला कमळाबाईच्या दारात हजर झाली.

“इलंस? बरा झाला,” कमळाबाई शेगडीवरून मान न वळवता म्हणाली. “बस थयसर.”

नलू भिंतीला टेकून बसली आणि वही उघडली. राधा मोरीच्या कठड्यापाशी उभी होती. केसांच्या दोन शेंड्या, एक रिबीन सुटलेली, फ्रॉकला मागे एकच बटण. तिने नलूकडे पाहिलं, मग भरलेल्या तांब्याकडे पाहिलं. दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि पेल्यात ओतायला लागली. पेला भरला. राधा थांबली नाही. पाणी पेल्यावरून फरशीवर, फरशीवरून पीठ चाळायला पसरलेल्या कागदापर्यंत गेलं. नलूने लिहिलं, ‘१०.०४. रा. ने तांब्या दोन्ही हातांनी धरला.’

कमळाबाई वळली. “अगो! तू काय करतंस गो?”

“बघतेय.”

“बघतंस काय? पीठ भिजला माझा! जयवंतान सांगितल्यान, चेडवाक बघूक येतली म्हणान. असा बघतत?”

तेव्हा कुठे उलगडा झाला. कमळाबाईला वाटलं होतं, पोर सांभाळायला कोणी येतंय. दोन हात मोकळे होतील, अकराच्या आधी पोळ्या उरकतील. आणि ही इथे भिंतीला टेकून पोरीचे पराक्रम लिहून घेत होती. नलूने जमेल तसं समजावलं. कमळाबाईने ऐकून घेतलं, आणि मग गाववाल्याला शब्द दिला होता म्हणून म्हणाली, “बस तर बस. पण माझ्या वाटेत नको.”

पावणेअकराला रातपाळीवाले झोपून उठून जेवायला यायला लागले. कमळाबाईने खुंटीवरची जुन्या लुगड्याची लांब पट्टी काढली, तिचं एक टोक राधाच्या कमरेला आणि दुसरं कोपऱ्यातल्या बाकाच्या पायाला बांधलं. राधाने हात वर करून बांधून घेतलं. तिला सवय होती. शेगडी पेटलेली, उकळत्या आमटीचं पातेलं खाली, पंधरा माणसं येणार-जाणार, दुसरं काय करणार? नलूला सगळं कळत होतं. तरी ते लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच, फक्त पीठ भिजल्यापासून कमळाबाई तिला लवकरच बांधायला लागली. पहिली दोन-चार मिनिटं राधा इकडेतिकडे हात घालायची आणि प्रत्येक वेळी “ठेव ता!” ऐकायची. मग ती बाकाला. पण बाकाला बांधल्यावर ती काय करते हे फक्त नलूच बघत होती. बाकाखाली एका मेंबराची, म्हणजे महिन्याच्या बोलीने जेवणाऱ्याची, ट्रंक होती. हा मेंबर म्हणजे राजाराम राणे, गिरणीच्या साचेखात्यात मागावर असणारा, अंगाने दांडगा, पोट सुटलेला, आणि बोलायला लागला की सभा गाजवणारा. त्याच्या ट्रंकेखाली द्वैभाषिकाविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा होता. पत्रकांवर छापखान्याचं नाव नव्हतं, म्हणजे ती बेकायदा, म्हणून गठ्ठा तिथे लपवलेला. संध्याकाळी पाळीवर जाण्याआधी राजाराम आणि कोंडीराम नावाचा दुसरा मेंबर बसून त्या कागदांच्या घड्या घालायचे. राधाने ते पाहिलं असणार. पट्टीला ताण देत ती ट्रंकेपर्यंत पोचायची, पत्रकं काढायची, आणि घड्या सुरू.

कोंडीराम हा खानावळीतला एकटा साताऱ्याकडचा मेंबर. सडपातळ, मिशीला पीळ, नजर चौकस. कोपऱ्यात बसून लिहिणारी ही मुलगी त्याने पहिल्याच दिवशी हेरली होती.

“कोण वं तुम्ही?” त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं होतं.

अभ्यासाचा तास चालू होता. नलूने ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

झालं. कोंडीरामची झोपच उडाली.

चौथ्या दिवशी कमळाबाई खाली कोळसेवाल्याकडे गेली होती. नलूची पेन्सिल गडगडत गॅलरीत गेली म्हणून ती उठली, तेवढ्यात कोंडीरामने वही उचलली. ती परत आली तर दाराशी राजाराम आडवा उभा, आत कोंडीराम वही हातात धरून, आणि बाकीचे सहासात मेंबर हातातला घास हातात ठेवून बसलेले.

“वाच रे,” राजाराम म्हणाला.

कोंडीरामने घसा साफ केला. “‘दहा वाजून पाच मिनिटं. रा. ने ट्रंकेखाली हात घातला. सहा मिनिटं. पत्रकांचा गठ्ठा बाहेर काढला. दाराकडे पाहिले.’”

सगळ्यांनी राजारामकडे पाहिलं. राजारामचा चेहरा पातेल्यातल्या भातासारखा पांढरा झाला.

“‘सात मिनिटं. रा. ने पत्रकाची मधोमध घडी घातली. कडा जुळवल्या. दहा एकोणीस. बारा घड्या. गठ्ठा पुन्हा ट्रंकेखाली ढकलला. कालही याच वेळी हेच केले.’”

“सी. आय. डी.!” कोणीतरी म्हणालं.

“कोणी धाडलं तुला?” राजारामचा आवाज चिरकला. “आणि खोटं कशाला लिहितेस? काल दहा वाजता मी घोरत होतो!”

“अहो, ते तुम्ही नव्हे,” नलू म्हणाली, पण कोंडीराम पुढे वाचत होता.

“‘दहा चोवीस. रा. ने शेंबूड बाहीला पुसला.’”

“आं?” राजाराम म्हणाला.

“‘दहा सव्वीस. रा. ने पायाचा अंगठा तोंडात घातला.’”

राजारामने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, पोटापलीकडे दिसणाऱ्या अंगठ्याकडे पाहिलं. “कोंड्या,” तो हळूच म्हणाला, “माझा अंगठा माझ्या तोंडापर्यंत पोचतो होय रे?”

पहिला हसला तो कोपऱ्यातला म्हातारा मेंबर. मग बाकाच्या पायाशी बांधलेली राधा हसली, कशाला ते न कळता. कमळाबाई कोळशाचं घमेलं घेऊन वर आली तेव्हा सात माणसं ताटांवर वाकून हसत होती आणि नलू डोळे पुसत उभी होती, हसून की रडून ते तिलाच सांगता आलं नसतं.

“मेल्यांनो, ता जयवंताचा चेडू,” कमळाबाई म्हणाली. “दादरात शिकता. पोरांच्या शाळेचा.”

मग नलूला सांगावंच लागलं. माँटेसरी नावाच्या बाई होत्या, इटलीच्या. त्यांनी गरिबांच्या वस्तीतल्या मुलांकडे नीट बघितलं आणि त्यांना आढळलं की मुलांना खेळण्यांपेक्षा घरातली खरी कामं आवडतात. ओतणं, निवडणं, पुसणं, घडी घालणं. मोठ्यांनी मधे हात घातला नाही तर मूल एकच काम पुन्हा पुन्हा करतं आणि त्यातून शिकतं.

“काम करायला शाळा?” कोंडीराम म्हणाला. “मग आम्ही कॉलेजात आहोत की.”

सगळे पुन्हा हसले. राजाराम मात्र गुडघे टेकून ट्रंकेखाली हात घालत होता. त्याने गठ्ठा काढला. वरची चाळीसेक पत्रकं घडी घातलेली होती. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा. त्याखाली त्याच्या स्वतःच्या घड्या होत्या, तिरक्या. त्याने दोन्ही बराच वेळ शेजारी शेजारी धरून पाहिल्या. मग त्याने आणि कोंडीरामने आळीपाळीने नलूची माफी मागितली, आणि कमळाबाईने तिला पहिल्यांदाच ताट वाढलं.

त्या दुपारी नलू वर्ग सुटल्यावर मागे थांबली. मृणालिनीबाई कपाटाला कुलूप लावत होत्या.

“बाई, ती मुलगी बांधलेली असते.”

बाईंनी किल्ली काढली आणि बसल्या. नलूने पट्टी, बाक, शेगडी, पंधरा माणसं, सगळं सांगितलं. “आईची चूक नाही हो. पण मी नुसती लिहीत बसू?”

“तुम्हांला काय दिसलं इतक्या दिवसांत?”

“तिचे हात. बांधल्यावरसुद्धा तिने काम शोधून काढलं.”

“मग तिला काम द्या. घरातलंच, तिच्या हाताला पेलेल असं. विकतचं साहित्य नको तिथे.” बाई जरा थांबल्या. “पण एक सांगते, नलिनी. तुम्ही मधे हात घातलात की तुमची वही अभ्यासाची राहणार नाही. बारा दिवसांचे गुण आहेत त्याला.”

नलू म्हणाली, “जाऊ देत.” असं म्हणताना तिला बरंच शूर वाटलं होतं. दादर टीटीपर्यंत येईतो त्यातलं निम्मं उतरलं.

दोन दिवस तिने बसून पाहिलं आणि सातव्या दिवशी ती घरून तीन वाट्या घेऊन गेली. एकीत मसूर, एकीत मूग, एकीत पांढरे वाटाणे. सगळं एका ताटलीत कालवायचं आणि मुलाने पुन्हा वेगळं करायचं, असा तिचा बेत. वर्गात हे साहित्य टेबलावर किती शहाण्यासारखं दिसायचं! कमळाबाईने कुरकुर करत एका दिवसाची परवानगी दिली. राधाला मोकळं सोडलं. नलूने एकेक दाणा उचलून दाखवला, हळू, न बोलता, अगदी शिकवलं होतं तसं.

राधाने सगळं नीट पाहिलं. तिला एक गोष्ट पटली, कालवण्याची. ती उठली, भिंतीशी गेली, आणि सुपात निवडून ठेवलेल्या दोन शेर तूरडाळीत तिने ताटली उपडी केली. वर दोन्ही हातांनी खोलपर्यंत ढवळलं. मसूर, मूग, वाटाणे, सगळे गुण्यागोविंदाने नांदू लागले.

शेगडीवर आधण खळखळत होतं. कमळाबाई सुपाकडे बघत राहिली. पहाटे चारला उठून, दिव्याच्या उजेडात निवडलेली डाळ होती ती.

“ऊठ,” ती नलूला म्हणाली. ओरडली नाही, त्याचंच नलूला जास्त लागलं. “तुझी शाळा तुझ्या दादरात. उद्यापासून येव नको.”

त्या दिवशी मेंबर आमटीशिवाय जेवले. नलू लालबागच्या नाक्यापर्यंत तरातरा चालत गेली. आधी राधाचा राग आला, मग मृणालिनीबाईंचा, मग इटलीच्या त्या बाईंचा. भोईवाड्याच्या वळणावर राग संपला आणि नुसतं वाईट वाटायला लागलं. घरी तिने कोणाला काही सांगितलं नाही. आईने संध्याकाळी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मधे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी नलू मोरीत कपडे आपटत होती, तर दारात कोंडीराम. धापा टाकत होता. चपला हातात.

“ताई, चला. कमळावयनीनं बोलावलंय.”

नलूने हातातलं कापड टाकलं. “काय झालं? भाजली?”

“न्हाई. बसलीय.”

“बसलीय म्हणजे?”

“बसलीय म्हणजे बसलीय! सकाळी नऊपासनं. हलत न्हाई, बोलत न्हाई, हाक मारली तर वर बघत न्हाई. वयनीनं ताप बघितला, ताप न्हाई. राजाराम म्हणतो दृष्ट लागली. वयनी म्हणाली, त्या जयवंताच्या पोरीलाच आणा, तिनंच काय केलं असेल तर केलं असेल.”

नलूने ओल्या हातांनीच पदर खोचला. रस्ताभर कोंडीराम पुढे आणि ती मागे. लालबागला मोर्च्याची तयारी चालली होती, बांबूंना काळी फडकी बांधत होते, कोणीतरी कोंडीरामला हाक मारली. “आलोच,” तो धावता धावता ओरडला, “पोराचं काम हाय!”

चाळीच्या जिन्यावरूनच नलूला काहीतरी वेगळं जाणवलं. कमळाबाईच्या खानावळीचा आवाज खालपर्यंत यायचा, ताटांचा, हसण्याचा, “वयनी, भात!”चा. आज काही नव्हतं. वर आली तर गॅलरीत, कठड्याला पाठ लावून, आठ माणसं एका ओळीत मांडीवर ताट घेऊन जेवत होती. राजारामने तिला पाहून ओठांवर बोट ठेवलं. कोणीतरी कांदा कचकन फोडला, तर त्याने त्याच्याकडे असे डोळे वटारले की बिचाऱ्याने तो कांदा चघळतच खाल्ला.

नलू दारात थांबली.

खोलीच्या मधोमध राधा मांडी घालून बसली होती. समोर ते सूप. कमळाबाईला ती डाळ टाकवली नव्हती, रविवारी निवडू म्हणून तिने ती बाजूला ठेवली होती. राधाने ती आपणच ओढून आणली होती. नलूच्या राहून गेलेल्या तीन वाट्या फळीवरून काढल्या होत्या, वाट्या पुरेनात म्हणून एक ताटही घेतलं होतं. चिमटीत दाणा धरायचा, डोळ्यांजवळ आणायचा, आणि ज्याच्या त्याच्या घरी सोडायचा. मसुराचा ढीग झाला होता, मुगाचा झाला होता. एक वाटाणा गडगडत कमळाबाईच्या पायाशी गेला. राधा रांगत गेली, आणला, वाटीत ठेवला, परत बसली. सुटलेली रिबीन गालावर आली होती, ती तिने फुंकरीने उडवली. जीभ थोडी बाहेर. भोवती काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

कमळाबाई मोरीजवळ उभी होती. हातात लुगड्याची ती पट्टी होती.

“बांधूक गेलंय,” ती कुजबुजली, “आणि हात थांबलो माझो. दीड तास झालो गो. ही माझी राधी नाय. हिका काय झाला?”

“काही झालं नाही, काकी,” नलूही कुजबुजली. “काम करतेय.”

“आमी करतव तसा?”

“तसंच.”

कमळाबाई खाली बसली. पहाटे चारला उठणारी बाई. दिवसाउजेडी, शेगडी पेटलेली असताना अशी नुसती बसलेली तिला चाळीत कोणी पाहिली नव्हती. पट्टी मांडीवर ठेवून ती म्हणाली, “माका वाटा, ही सारखी माझ्या पायात येता. ही माझ्या हाताखाली येऊक बघी होती.”

नलूजवळ वही नव्हती, आणि असती तरी तिने उघडली नसती. ती उंबऱ्यात बसून राहिली. बाहेर राजाराम कोणालातरी खुणेने भात वाढत होता. सुपातली तूरडाळ तेवढी सुपातच राहिली. शेवटचे मूग निघाले तेव्हा अकरा वाजून गेले होते. राधाने सुपावरून हात फिरवून पाहिलं, डाळीशिवाय काही उरलं नव्हतं. मग ती उठली, सूप दोन्ही हातांनी उचललं, पोटाला टेकवून सांभाळत आईपर्यंत नेलं.

“आई, डाळ.”

कमळाबाईने सूप घेतलं. हाताने डाळ वरखाली करून पाहिली. राधा दमलेली नव्हती, उलट झोपून उठल्यासारखी टवटवीत दिसत होती. तिने गॅलरीत डोकावून ओळीने बसलेली माणसं पाहिली आणि मोठ्याने विचारलं, “तुमी भायेर कित्याक बसलास?”

आठ माणसं एकदम बोलायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून नलू रोज येत राहिली, पण आता वहीशिवाय आणि कमळाबाईच्या बोलावण्यावरून. दोघींनी मिळून राधाला काय काय देता येईल ते शोधलं. लसूण सोलायची, पण पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून. पाणी ओतायचं, पण अर्ध्या भरलेल्या चंबूतून, खाली फडकं अंथरून, आणि सांडलं तर त्याच फडक्याने आपणच पुसायचं. शेगडीच्या बाजूला फरशीवर खडूची एक रेघ ओढली, तिच्या पलीकडे जायचं नाही. पहिल्या दिवशी राधा दोनदा गेली. मग ती रेघ सांभाळायला लागली, आणि राजारामचा पाय चुकून पडला तर त्यालाही मागे सारायला लागली. सगळ्यांत जमलं ते मीठ वाढण्याचं. ताटाच्या डाव्या अंगाला चिमूटभर मीठ, शेजारी लिंबाची फोड, प्रत्येक ताटाला एकेक, एकही ताट चुकवायचं नाही. चिमूट केवढी हे ठरेपर्यंत आठवडा गेला. तेवढ्यात कोंडीरामच्या ताटात मिठाचा डोंगर पडायचा आणि तो पाण्याचे चार-चार पेले पीत निमूट जेवायचा. एकदा नवीन मेंबर “अरे हे काय!” म्हणाला, तर पाचसहा जणांनी त्याला एकदम गप्प केलं.

मृणालिनीबाईंकडे नलूने वही दिली ती सहा दिवसांची. बाईंनी ती ओळीनओळ वाचली. पत्रकांच्या पानावर त्यांच्या ओठांची कड किंचित हलली. शेवटी सातव्या पानावर नलूने तारखेखाली एवढंच लिहिलं होतं, ‘आजपासून मी बघणारी राहिले नाही.’

“उरलेल्या सहा दिवसांचे गुण मला देता येणार नाहीत,” बाई म्हणाल्या.

“हो, बाई.” मग वहीत नसलेली डाळीची हकिगत नलूने तोंडीच सांगितली.

“नऊ ते अकरा, त्या दोन तासांत ती एकदाही उठली नाही?”

“एकदाच. वाटाणा आणायला.”

बाईंनी चष्मा काढून ठेवला. “मी चौदा वर्षं शिकवते आहे,” त्या म्हणाल्या. “एवढा वेळ बसलेलं मूल मी दोनदा पाहिलंय. एकदा माझ्या वर्गात, आणि आता तुमच्या तोंडून.” आणि गुण मात्र कापले. नलू दुसऱ्या वर्गात पास झाली.

जानेवारीत कमळाबाईनेच विषय काढला. पहिल्या पाळीला जाणाऱ्या बायकांची पोरं चाळीत नुसती वाऱ्यावर असतात. सकाळी नऊ ते साडेदहा गॅलरीचं टोक मोकळं असतं, तिथे नलू का बसत नाही? नलू बसली. पहिल्या दिवशी तीन पोरं आली, आठवड्याने नऊ झाली. गिरणीतल्या सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या आल्या, लहान-मोठ्या लावायला. जुन्या सदऱ्यांच्या बटणपट्ट्या आल्या, लावायला-काढायला. आणि कोंडीरामने वस्तू ठेवायला फळ्यांचा रॅक करून द्यायचं कबूल केलं.

खोक्यांची फळकुटं जोडून त्याने तो केला खरा, पण स्वतःच्या छातीएवढा. नलू म्हणाली, उंच झाला. त्याने रॅकचे पाय कापले. पुन्हा उंच. त्याने पुन्हा कापले, कुरकुरत. तिसऱ्यांदा तो चिडला, करवत खाली ठेवून पोरांच्यात मांडी घालून बसला आणि हात लांब करून पाहायला लागला, वरच्या फळीला लागतो की नाही. त्याचा लागला. शेजारच्या तीन वर्षांच्या सदूचा लागला नाही. सदूने त्याच्याकडे पाहिलं. कोंडीरामने निमूट करवत उचलली.

रॅक शेवटी गुडघ्याएवढा झाला. दुपारी पोरांनी त्यावर सगळं मांडलं, आणि राजाराम दुसऱ्या पाळीला जाता जाता कौतुकाने एक चंबू उचलून पाहायला लागला. पाहून झाल्यावर त्याने तो दुसऱ्याच फळीवर ठेवला आणि जिन्याकडे वळला. दोन पायऱ्या उतरला असेल नसेल, तोच मागून त्याच्या धोतराचा सोगा कोणीतरी ओढला. राधा होती.

“थय नाय,” ती म्हणाली. “चल.”

पाळीचा भोंगा वाजत होता. राजाराम राणे, सभा गाजवणारा, वर आला, चंबू काढला आणि ती दाखवेल तिथे ठेवला.